चौदा आवळावड्या

आवटी सरांना विज्ञान कळत नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. कळत होतं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

एकतीस वर्षं त्यांनी आष्ट्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवलं. जीवनसत्त्वांचा धडा आला की सर पिशवीतून एक सफरचंद काढायचे, चाकूनं त्याच्या दोन फोडी करायचे, एकीवर लिंबू पिळायचे आणि दोन्ही टेबलावर ठेवून हजेरी घ्यायला बसायचे. हजेरी संपेपर्यंत बिनलिंबाची फोड तांबूस पडलेली असायची. "प्राणवायूनं ही गंजली," सर म्हणायचे, "मग हिला कुणी वाचवलं?" सगळा वर्ग एका सुरात "सी जीवनसत्त्वानं" म्हणायचा. निम्म्या तालुक्याला ते उत्तर अजून पाठ आहे. लिंबू लावलेली फोड त्या दिवशी ज्यानं चांगलं उत्तर दिलं असेल त्याला मिळायची. तांबूस फोड सर स्वतः खायचे.

माणूस गोड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आपल्याला ठाऊक आहे म्हणजे आहे, हा मास्तरकीचा ताठा निवृत्त झाल्यावरही अंगातून गेला नव्हता. त्यात एक दुखरी जागा होती. त्यांच्या पत्नी शैलाताई सहा वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार पस्तीस साली, हृदयाची झडप बदलताना गेल्या. ऑपरेशन नीट झालं होतं. तिसऱ्या दिवशी हृदयाचा ठेका बिघडला आणि संपलं. नंतर सरांनी झपाटल्यासारखं वाचन केलं, तेव्हा त्यांना जुने शोधनिबंध सापडले. ऑपरेशनच्या आधीपासून सी आणि ई जीवनसत्त्व दिलेल्या काही पेशंटांचा ठेका कमी बिघडला, असं त्यांत लिहिलं होतं. काही निबंधांत फरक पडला नाही असंही लिहिलं होतं, पण ते सरांनी भराभर उलटले. शैलाला कुणी साधं लिंबूसरबतसुद्धा दिलं नाही, आणि मी विज्ञानाचा मास्तर शेजारी बसून होतो, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं.

अशातच त्यांच्या विहीणबाईंचं हृदय आजारी पडलं.

पद्मजा खोत म्हणजे त्यांच्या लेकीच्या, श्रुतिकाच्या सासूबाई. सांगलीत राहायच्या. बाई बोलायला इतकी गोड, की समाजातला साखरपुडा असो की सत्कार, माइक त्यांच्याच हातात. फोनवर आल्या की तासाभराची निश्चिंती. त्यांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या आणि बायपास करावी लागणार होती. मिरजेच्या हृदय-केंद्रात पहिल्यांदा भेटायला जाताना जावई अभिनंदननं सासऱ्यांना मुद्दाम बरोबर घेतलं. "तुम्हाला त्यातलं कळतं, सर," तो म्हणाला. जावई असूनही तो त्यांना सरच म्हणायचा.

आणि तिथं समोर डॉक्टर म्हणून बसली होती शिरीन मुजावर, त्यांचीच आष्ट्याची विद्यार्थिनी. सरांना बघून ती खुर्चीतून उठली. "लिंबाची फोड मला मिळाली होती, आठवतं का सर?" म्हणाली. सरांचा ऊर भरून आला.

मग तिनं खोतांच्या घराला तालीम समजावून सांगितली. तालीम हा पेशंटांनी ठेवलेला शब्द. उपचाराचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते कुणी घेत नसे.

"ऑपरेशनमध्ये हृदयाचं रक्त आम्ही काही वेळ चिमटा लावून बंद करतो," शिरीन म्हणाली. "चिमटा काढला की प्राणवायू एकदम आत घुसतो आणि मुक्त मूलकं तयार होतात. म्हणजे प्राणवायूचे पिसाळलेले कण. ते हृदयाच्या पेशींना चावतात आणि ठेका बिघडवतात. सी आणि ई जीवनसत्त्व या कणांना शांत करतं. म्हणून पूर्वी डॉक्टर ते आधीपासूनच सुरू करायचे. कधी गुण यायचा, कधी नाही. का नाही, ते फार उशिरा कळलं. थोडी मुक्त मूलकं हृदयाला हवी असतात."

तिनं टेबलावर एक रुंद पट्टा ठेवला, रक्तदाबाचा असतो तसा. हा दंडाला बांधायचा. दिवसातून चार वेळा तो पाच मिनिटं दंड आवळतो, पाच मिनिटं सोडतो. रक्त थांबून पुन्हा सुरू झालं की दंडात थोडी मुक्त मूलकं उठतात आणि तिथून रक्तावाटे हृदयाला इशारा जातो: संकट येणार आहे, तयारीला लाग. सात दिवस असा इशारा मिळाला की हृदय स्वतःची संरक्षक प्रथिनं तयार करून ठेवतं. आठव्या दिवशी, चिमटा काढायच्या नेमक्या क्षणाला, डॉक्टर शिरेतून जीवनसत्त्वाचा मोठा डोस सोडतात. आधी सराव, मग ढाल.

"पण सरावाच्या सात दिवसांत जीवनसत्त्व पोटात गेलं, तर तो इशाराच पुसला जातो," शिरीन म्हणाली. "म्हणून ही यादी. गोळ्या नकोत, च्यवनप्राश नको, आवळा नको. जेवणातलं लिंबू चालेल, पेला भरून सरबत नको." आणि सरांकडे बघून हसली. "सर आहेत घरात, म्हणजे मला काळजी नाही."

सर मान डोलवत होते. सगळं समजलं होतं. आणि तरी घरी आल्यावर त्यांच्या मनानं वेगळंच घेतलं. यादी अडाण्यांसाठी असते, लोक अति करतात म्हणून डॉक्टरांना तसं लिहावं लागतं. एक दंड आवळून हृदय तयार होतं म्हणे. उद्या हा शोध खोटा ठरला तर? शैलाच्या वेळीही डॉक्टरांना खात्रीच होती. असं म्हणत म्हणत त्यांनी दोन किलो आवळे आणले.

आवळावडी हा सरांचा हातखंडा. खोतांच्या घरात जैन रीतीप्रमाणे मध चालत नाही, म्हणून गुळाचा पाक. पाक पुरता निवल्यावर त्यात सी जीवनसत्त्वाची शुद्ध पूड, कारण उष्णतेनं सी मरतं. प्रत्येक वडीला एक ग्रॅम, ई जीवनसत्त्वाची एक कॅप्सूल फोडून वर. वड्या त्यांनी काट्यावर तोलून पाडल्या. सात दिवसांच्या चौदा. बरणीवर आपल्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'दिवसातून दोन.' शैलाताई असत्या तर त्यांनी आधी डॉक्टरांची यादी बरणीशेजारी ठेवली असती आणि म्हणाल्या असत्या, हे काय चाललंय तुमचं. पण त्या नव्हत्या.

व्याह्यानं विहिणीकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि विहिणीनं व्याह्यानं आणलेलं नाकारायचं नाही. दोन्ही घरांत हा रिवाज इतका मुरलेला, की तो रिवाज आहे हेही कुणाच्या लक्षात नसायचं. तालमीच्या पहिल्याच दिवशी सर बरणी घेऊन सांगलीला गेले. घरी पद्मजाबाई एकट्याच होत्या, दंडाला पट्टा बांधून टीव्हीसमोर बसलेल्या.

"कशाला त्रास घेतला, सर," त्या म्हणाल्या. मग चिठ्ठी वाचून थोड्या अडखळल्या. "आवळा नको म्हणाल्या होत्या ना पण डॉक्टरीणबाई?"

"अहो, ती माझीच विद्यार्थिनी," सर म्हणाले. "तिला जीवनसत्त्व कुणी शिकवलं? घ्या, विहीणबाई. एक तरी माझ्यासमोर घ्या."

पद्मजाबाईंनी घेतली. छान झाल्यात म्हणाल्या.

पुढं रोज सकाळी नऊला सर फोन करायचे. "घेतल्या का?" तिकडून उत्तर यायचं, "हो सर, घेतल्या." एरवी तासभर बोलणारी बाई, पण या फोनला तेवढंच बोलायची आणि विषय बदलायची. सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

चौथ्या दिवशी तपासणीला सगळे मिरजेला गेले. शिरीन पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली. दंड सुटल्यावर मुक्त मूलकांची जी लाट उठायला हवी होती, ती पद्मजाबाईंच्या रक्तात उठतच नव्हती. रेघ जमिनीला टेकलेली.

"मावशी, काही घेताय का? गोळी, काढा, आवळा, काहीही?"

पद्मजाबाईंनी सरांकडे पाहिलं. क्षणभरच. मग म्हणाल्या, "नाही बाई, काहीच नाही."

आता बोलायचं ते सरांनीच. तेवढा एकच क्षण होता. पण बोललो तर विहीणबाई मुलासमोर खोट्या पडतील, आपण लेकीच्या सासरी मूर्ख ठरू, आणि मुक्त मूलकं कमी दिसतायत म्हणजे वाईट कशावरून, असे तीन विचार तीन बाजूंनी आले. सर भिंतीवरच्या हृदयाच्या तक्त्याकडे बघत बसले. महाधमनी, फुप्फुस-रोहिणी, डावी जवनिका. सगळी नावं बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठरवून फोन लावला. आजपासून वड्या बंद करा, एवढंच सांगायचं होतं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत पद्मजाबाईच म्हणाल्या, "हो सर, घेतल्या." आणि सरांच्या तोंडून निघालं, "छान."

डावी मोठी रक्तवाहिनी जेमतेम उघडी होती, त्यामुळं ऑपरेशन लांबवणं शक्य नव्हतं. आठव्या दिवशी ते झालं. दोन दिवस बाई बऱ्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी हृदयाचा ठेका बिघडला. तासाभरात तो आवरला, पण तेवढ्यात हृदयात जमलेली रक्ताची बारीकशी गुठळी मेंदूत गेली. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

अगदी पुरती गेली नाही. एक शब्द राहिला. पाणी हवं का विचारलं की "हो". दुखतंय का, "हो". दुखत नाही ना, तरी "हो". डॉक्टर म्हणाले, असं होतं. मेंदूतली भाषेची जागा दुखावली की कधी कधी एखादाच शब्द मागं उरतो, आणि माणूस सगळ्याला तोच म्हणतो.

सर त्यांच्या खाटेशी उभे होते. "कसं वाटतंय, विहीणबाई?" त्यांनी विचारलं.

"हो," पद्मजाबाई म्हणाल्या, अगदी फोनवर म्हणायच्या त्याच सुरात. सरांना तिथं उभं राहवेना. ते बाहेर येऊन जिन्यात बसले आणि पायऱ्या मोजत राहिले.

तिथून पुढं त्यांचं जेवणाखाणावरचं लक्ष उडालं. स्वयंपाकघरातला वजनाचा काटा त्यांनी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. मी हे केलं, असं मनात म्हणायचे आणि लगेच दुसरं मन वकिली करायचं: त्या तीन वाहिन्या काय तू तुंबवल्यास? या वकिलाचा त्यांना सगळ्यात जास्त राग यायचा. त्याचं ऐकून बरं वाटायचं म्हणून.

तरीही ते गप्पच राहिले असते, असं मला वाटतं. माणूस अशा गोष्टी गिळून वर्षानुवर्षं जगतो. पण मध्ये भरतेशमामा आला.

भरतेश हा पद्मजाबाईंचा धाकटा भाऊ. जयसिंगपूरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, तोंडात कायम चेष्टा. त्याचंही हृदय बहिणीसारखंच, उलट जास्त थकलेलं. त्याचं ऑपरेशन एकोणीस तारखेला ठरलं होतं. आता राज्यातल्या सगळ्या हृदय-केंद्रांचा संगणक एकच, आणि तो प्रत्येक पेशंटकडून शिकतो. एकाला जे झालं त्याचा धडा दुसऱ्याच्या उपचारात उतरतो. पद्मजा खोत यांच्या रक्तात एक दुर्मीळ जनुक होतं. तसं जनुक असलेली दुसरी एकही नोंद संगणकाकडे नव्हती. तेच जनुक भरतेशमामाच्या रक्तात निघालं. तेव्हा संगणकानं सरळ निष्कर्ष काढला: हे जनुक असलेलं हृदय सराव घेत नाही. तालीम निरुपयोगी. थेट ऑपरेशन करावं.

दहा तारखेला खोतांच्या घरी अभिनंदननं तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला. सर कोपऱ्यातल्या खुर्चीत होते.

"तालीम झाली असती तर पन्नासात एकाला धोका," अभिनंदन म्हणाला. "तालमीशिवाय आठात एकाला."

"सात जण शोधून आणा," मामा म्हणाला, "आठवा मी होत नाही." कुणी हसलं नाही. त्याची बायको आत निघून गेली.

सरांनी मनात आकडा मांडला. एकोणीस तारखेच्या ऑपरेशनला तालीम बारा तारखेला सुरू व्हायला हवी. हातात दोन दिवस होते.

पाणी प्यायच्या निमित्तानं ते स्वयंपाकघरात गेले. श्रुतिका फोडणी देत होती. तिनं मोहरीसाठी फळीवर हात घातला आणि जी बरणी खाली घेतली, ती सरांचीच होती. चिठ्ठी नव्हती. कागदाचा एक चिवट पांढरा कोपरा तेवढा काचेला चिकटलेला होता.

श्रुतिकानं गॅस बंद केला.

"आईंच्या कपाटात साड्यांच्या मागं सापडली," ती हळू आवाजात म्हणाली. "रिकामी होती. त्यांनी चौदाच्या चौदा खाल्ल्या, अण्णा. तुमचं अक्षर कुणीही ओळखलं असतं. चिठ्ठी निघता निघेना, गरम पाण्यात ठेवावी लागली."

"मला का नाही विचारलंस?"

"काय विचारणार? तुम्ही काय केलंत ते मला कळलं होतं. तुम्ही गप्प आहात हेही कळत होतं."

"मी सांगणार आहे," सर म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना कळलं की आपण हे ठरवलं आहे.

श्रुतिकाचे डोळे भरले. "सांगून आईंची वाचा परत येणार आहे का?"

"मामांचं काय?"

"डॉक्टर आहेत ना. बघतील ते." मग तिला स्वतःचीच लाज वाटली असावी. तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला या घरात राहायचंय, अण्णा. रोज सकाळी उठून या सगळ्यांच्या तोंडाकडे मला बघायचंय. तुम्ही आष्ट्याला निघून जाल."

ती खरं तेच बोलत होती. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, मग तो हात ठेवायचा आपल्याला आता अधिकार नाही असं वाटून काढून घेतला, आणि थेट मिरजेची बस धरली.

शिरीननं सगळं ऐकून घेतलं. सरांनी वजनासकट सांगितलं, वडीला एक ग्रॅम, रोज दोन. ती रागावेल, ओरडेल, अशी त्यांची तयारी होती. तशी ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"रेघ उठत नव्हती तेव्हा रक्तातलं सी तपासायचं असतं," ती म्हणाली. "तसा नियम आहे. मी नाही तपासलं. तुम्ही शेजारी बसला होतात म्हणून नाही तपासलं, सर."

सरांना एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं. आतापर्यंत आपला गुन्हा एकट्याचा आहे अशी त्यांची समजूत होती.

ऑपरेशनच्या सकाळी घेतलेलं रक्त केंद्रात गोठवून ठेवलेलं असतं. शिरीननं ते लगेच तपासायला लावलं. संगणक कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही, त्याला नमुना लागतो. तासाभरात आकडा आला, असायला हवा त्याच्या कितीतरी पट. पद्मजा खोत यांच्या नोंदीपुढं संगणकानं नवी ओळ लिहिली: सराव झालाच नाही, निष्कर्ष रद्द.

"म्हणजे माझ्यामुळंच झालं," सर म्हणाले.

"असं एका माणसावरून सांगता येत नाही. तालीम नीट होऊनही काहींचा ठेका बिघडतो. त्यांचा कदाचित बिघडलाच असता, कदाचित नसता." शिरीन थांबली. "हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. एका प्रयोगावरून नियम काढायचा नाही."

सरांना शिक्षा हवी होती, नाहीतर सुटका. दोन्हीपैकी काहीच मिळालं नाही.

"घरी मी कळवू का तुम्ही सांगाल?" तिनं विचारलं.

"मीच सांगतो."

अकरा तारखेला सकाळी खोतांच्या दिवाणखान्यात त्यांनी उभं राहून सांगितलं, वर्गात उभं राहावं तसं, फक्त मान खाली घालून. मामा होता, अभिनंदन होता, दारात श्रुतिका. चाकाच्या खुर्चीत पद्मजाबाई.

मग अभिनंदन म्हणाला, "तुम्ही रोज सकाळी आईला फोन करायचात. मला वाटायचं, किती काळजी करतात."



"मला माहीत होतं," श्रुतिका दारातून म्हणाली. "बरणी मी धुतली."

अभिनंदन बायकोकडे असं बघत राहिला, की जणू ती आत्ताच घरात आली आहे. मग तो आईच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. "आई, खरं आहे का हे?"

"हो," पद्मजाबाई म्हणाल्या.

"खोटं आहे का?"

"हो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते डोळे मुलाकडे नव्हते, सरांकडे होते.

"सर, तुम्ही आता जा," अभिनंदन म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं.

मामानं मात्र फाटकापर्यंत सोबत केली. "म्हणजे माझं हृदय नापास नाही तर," तो म्हणाला. "पेपरच चुकीचा तपासला होता." सरांच्या पाठीवर थाप मारायला त्यानं हात उचलला, मग आत बहिणीकडे बघून खाली घेतला. बारा तारखेला त्याच्या दंडाला पट्टा बांधला. दुसऱ्या दिवशी रेघ उठायला लागली, चौथ्या दिवशी चांगली उंच गेली. एकोणीसला ऑपरेशन झालं. तिसरा दिवस गेला, चौथा गेला, ठेका हलला नाही. सरांना हे सगळं श्रुतिकाच्या दोन ओळींच्या निरोपांतून कळत होतं. त्यांत बाकी काही नसायचं. तुम्ही कसे आहात, हेही नसायचं.

दोन महिने सर सांगलीला गेले नाहीत. मग एक दिवस मामाचाच फोन आला.

"वाचा-उपचाराची बाई आठवड्यातून दोनदा येते, तेवढ्यानं भागत नाही," तो म्हणाला. "रोज दोन तास कुणीतरी समोर बसून शब्द घोटून घ्यायला हवेत. मी अभिनंदनला म्हटलं, भांडण राहू दे बाजूला, घरात मास्तर आहे, त्याला जुंप की कामाला."

"तो काय म्हणाला?"

"नाही म्हणाला नाही."

तेव्हापासून सर रोज दुपारच्या बसनं सांगलीला जायला लागले. रिकाम्या हातानं. पहिल्या दिवशी तो रिकामा हात कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. अभिनंदन घरी असला तर आतल्या खोलीत जायचा. श्रुतिका चहा ठेवायची आणि निघून जायची. नवराबायकोत पूर्वीसारखं हसणं-बोलणं राहिलेलं नाही, हे सरांना चहाच्या कपावरूनही कळायचं. तेही त्यांनी आपल्याच नावावर धरलं.

ते चित्रांचे पत्ते मांडायचे. गाय. पाणी. दिवा. "म्हणा, दिवा." पद्मजाबाई ओठ हलवायच्या, कपाळाला आठ्या पडायच्या, आणि शेवटी निघायचं "हो". जिच्या तोंडाला माइक लागला की मंडप ऐकत बसायचा, ती बाई. सर पुन्हा म्हणायचे, "दिवा." इतक्या धीरानं त्यांनी आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं. माफी मात्र त्यांनी कधी मागितली नाही. मागितली असती तर त्या "हो" म्हणाल्या असत्या, आणि त्या होकाराला काही अर्थ नसता. तो फुकटचा होकार त्यांना घ्यायचा नव्हता.

चौथ्या आठवड्यातल्या एका दुपारी श्रुतिकानं सफरचंद कापून बशी मध्ये ठेवली. पत्ते चालूच होते. बशीकडे सरांचं लक्ष गेलं तोवर फोडी तांबूस पडल्या होत्या. त्यातल्या त्यात बरी दिसणारी एक फोड त्यांनी उचलली आणि सवयीनं पुढं केली.

"घ्या, विहीणबाई."

पद्मजाबाईंनी फोडीकडे पाहिलं. मग सरांकडे. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मानेची शीर ताठ झाली.

"नको," त्या म्हणाल्या.

स्पष्ट म्हणाल्या. आतून श्रुतिका धावत आली, अभिनंदनही खोलीतून बाहेर आला. "आई, काय म्हणालात? परत म्हणा." "नको," त्या पुन्हा म्हणाल्या. श्रुतिका रडायला लागली, अभिनंदननं भान विसरून तिला जवळ घेतलं, मामाला फोन लावा म्हणाला, डॉक्टरांना कळवा म्हणाला. तीन महिन्यांनी त्या घरात आनंदाचा आवाज झाला.

पद्मजाबाई मुला-सुनेकडे बघत नव्हत्या. त्या सरांच्याच डोळ्यांत बघत होत्या. हा शब्द त्यांना आज सापडला असला, तरी तो कधीचा होता ते दोघांनाही ठाऊक होतं.

"नको," त्या तिसऱ्यांदा, हळूच, फक्त सरांना म्हणाल्या.

"बरं," सर म्हणाले. आणि ती तांबूस फोड त्यांनी स्वतः खाल्ली.